दिनकररावांची अर्पणपत्रिका

दिनकररावांनी जन्मात एकच पुस्तक लिहिलं, आणि ते बाळकृष्णाच्या नावावर निघालं. याला चोरी म्हणाल तर आमच्या विद्यापीठात लोक हसतील. तिथली रीतच तशी: मसुदा कारकुनाचा, सही साहेबाची.

दिनकरराव कारकून, बाळकृष्ण उपकुलसचिव. दोघंही घडियाळी पोळ या एकाच गल्लीतले, एका बाकावर शिकलेले. पंच्याण्णव साली बडोद्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले आणि आमच्या चार इमारतींच्या विद्यापीठाला आपला जुनेपणा मिरवायची घाई झाली. रौप्यमहोत्सव दोन वर्षांवर होता.

"दिन्या, इतिहास तूच लिही. तुझं नाव सोनेरी अक्षरांत छापू," बाळकृष्ण म्हणाला.

दिनकररावांनी म्हातारे शिपाई गाठले, जुने कागद उपसले. पहिला वर्ग कापडाच्या गोदामात भरला, चार विद्यार्थिनींना बाकं नव्हती म्हणून प्राचार्यांनी घरचा हिंचका, म्हणजे झोपाळा, आणून टांगला, हेही त्यांनीच शोधलं. आणि मग सवयीनं सगळं फाईलला लावून शेरा मारला, 'मान्यतेस्तव सादर'. स्वतःचं नाव कुठेच नाही! बाळकृष्णानं न वाचता सही ठोकली. छापखान्यानं सहीखालचं नाव मुखपृष्ठावर घेतलं. प्रूफ आलं तेव्हा बाळकृष्णानं तेवढं मुखपृष्ठ मात्र नीट वाचलं, आणि गप्प बसला.

प्रकाशनात शाल घेऊन तो खाली उतरला. दिनकररावांनी गाठलं. "बाळ्या, माझं नाव?"

"अरे, वीस वर्षांत एका तरी पत्राखाली तुझी सही होती का? मग आजच काय झालं?"

बोलणं खरं होतं.

पण दिनकररावांनी लिहिलेलं आतलं अर्पणपत्रिकेचं पान कुणी पाहिलंच नव्हतं. 'जिनं दोन वर्षं माझे रविवार या पुस्तकाला दिले, त्या अहल्येस.' अहल्या ही दिनकररावांची बायको! बाळकृष्णाच्या बायकोनं, नलिनीनं, भरल्या पाहुण्यांत विचारलं, "काय हो, तुमचे रविवार अहल्यावहिनींकडे जात होते? मला तर क्लबात जातो सांगायचात!" बडोद्यातल्या रावपुऱ्यात आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

लगेच लेखी आदेश निघाला. 'माझी पत्नी नलिनी हिस' अशी छापील चिठ्ठी सगळ्या प्रतींवर चिकटवावी. काम दिनकररावांकडे. त्यांनी तीन दिवस बसून चिकटवल्या, एकही वाकडी नाही.

घरी येऊन म्हणाले, "साहेबांचा आदेश होता."

अहल्याबाईंनी लाटणं खाली ठेवलं. "तुमचं नाव गेलं तेव्हा मला चार दिवस घास गेला नाही. माझं नाव तुम्ही स्वतःच्या हातानं झाकलंत. मला एकदा विचारलंत?"