घोडीच्या जबड्यावरचा अंगठा

जनावरांचे डॉक्टर दामोदरपंत यांची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि ते भांडण मीच काढले होते. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. गावाच्या दुसऱ्या टोकाला माझी सभा होती, म्हणून नगर स्टेशनवर मी गुलाबभाईंच्या टांग्यात बसलो. टांगा हलतो न हलतो तोच करड्या कोटातले एक सडपातळ गृहस्थ घोडीच्या आडवे आले. घोडी लंगडत होती, हे मलाही दिसत होते. पण या गृहस्थांनी पायाकडे पाहिलेच नाही. त्यांनी तिचे तोंड हातात धरले, जबड्याच्या हाडावर अंगठा दाबला आणि म्हणाले, "हिला सोडा. आज ही ओढणार नाही."

मी आवाज चढवला. सभा स्वातंत्र्याची आहे, लोक खोळंबले आहेत, असे बरेच काही ऐकवले.

"मग सुरुवात या घोडीपासून करा," ते शांतपणे म्हणाले.

मी पायी सभेला गेलो. त्या दिवसापासून आजपर्यंत त्यांच्याशी वादात मी एकदाही जिंकलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम गुलाबभाईंच्या दारी गेलो, तर डॉक्टर माझ्याआधी हजर. अंगणात चूल पेटलेली आणि तिच्यात लोखंडी सळई तापत पडलेली. बिजलीच्या, म्हणजे त्या घोडीच्या, पायाला डाग द्यायचा बेत होता. घोडी उभी राहिली तर टांगा उभा, आणि टांगा उभा तर घरची चूल थंड. गुलाबभाईंना दुसरा उपाय ठाऊक नव्हता.

"डाक्टरसायब, दुकनं पायात हाय आन् तुमी थोबाड काय बगता?" गुलाबभाई म्हणाले. "तोंड बगा की तिचं, कसं भरलंय. साऱ्या अड्ड्यावर अशी घोडी न्हाई."

"तेच तर दुखणं आहे," डॉक्टर म्हणाले. "हे बाळसं नव्हे, सूज आहे. खायला काय घालता?"

उंबऱ्यातून गुलाबभाईंच्या पत्नी हमीदाभाभींनी उत्तर दिले, "हरबरा मिळंना, म्हून गिरनीतनं कोंडा आनते. घमेलंभर घालते रोज. आमी कमी खाल्लं, पन तिला कमी पडू दिलं न्हाई."

डॉक्टर जमिनीवर बसले. घर दाखवून म्हणाले, "भाभी, ही भिंत कशानं उभी आहे? विटांमध्ये चुना आहे म्हणून. हाडाचंही तसंच. कोंड्यात स्फुरद फार आणि चुना जवळजवळ नाहीच. रक्ताला तर चुना रोज लागतो. तो खाण्यातून मिळाला नाही की शरीर हाडातून खरवडून घेतं. आधी जबडा मऊ होऊन सुजतो, मग आज हा पाय, उद्या तो. सळईनं यातलं काय भरून येणार?"

शेजारचा एक टांगेवाला कुंपणावरून म्हणाला, "गुलाबभाई, चुना आनशील तवा कात-सुपारी बी आन. घोडी पान खानार हाय."

सगळे हसले, डॉक्टरही. मग म्हणाले, "पानाचा चुना घातलात तर तोंड भाजेल तिचं. चुनखडीची बारीक पूड मी देतो."

हमीदाभाभी मात्र हसल्या नाहीत. "म्हंजे मीच तिला आजारी पाडली व्हय?"

"भाभी, तुमच्या मायेत काही कमी नाही," डॉक्टर म्हणाले. "कमी आहे तो चुना. तो भरून काढता येतो."

गुलाबभाईंनी सळई चुलीतून काढून पाण्यात टाकली. तिचा चर्र आवाज मला अजून आठवतो.

पुढचे काम माझ्यासारख्या बोलणाऱ्याचे नव्हते. सीना नदीकाठच्या एका मळेवाल्या शेतकऱ्याकडे डॉक्टर स्वतः गेले. मळेवाल्यांनी लसूणघास द्यायचा, गुलाबभाईंनी लीद मळ्यात टाकायची, आणि घोडी बरी होईतो मळ्याची बैलगाडी गुलाबभाईंनीच मजुरीवर बाजारात न्यायची, असे ठरले. कोंडा जवळजवळ बंद झाला. घासात गुळाच्या पाण्याने ओली केलेली पूड कालवायची आणि बिजलीला ओझ्याशिवाय हळूहळू फिरवायचे. आठवड्याच्या बाजारी डॉक्टर येत, जबड्यावर अंगठा ठेवत आणि एवढेच म्हणत, "अजून नाही." कित्येक महिने ते असेच म्हणाले. मी असतो तर लोकांना खूष करायला आधीच हो म्हणून मोकळा झालो असतो.

एके दिवशी त्यांनी अंगठा ठेवला, गुलाबभाईंकडे पाहिले आणि टांग्यात जाऊन बसले. "चला, स्टेशनवर." बिजली चालली. तिचा जबडा पूर्वीसारखा झाला नाही, थोडी सूज राहिलीच, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते. पण पाय सरळ पडत होते. अड्ड्यावरचे टांगेवाले उठून उभे राहिले. पान-सुपारीचा विनोद करणाऱ्याने त्याच आठवड्यात आपला घोडा तपासायला आणला.

मी व्यासपीठांवर आयुष्य घालवले, म्हणून ठासून सांगतो: जे ज्ञान दवाखान्याच्या कपाटात बसून राहते ते कोंड्यासारखे आहे. त्याने पोट फुगते, हाड बनत नाही. आता स्वराज्य आले आहे. त्याची हाडे भाषणांनी भरणार नाहीत. त्यासाठी दुसऱ्याच्या अंगणात मांडी घालून बसणारी, मायेने चुकलेल्या माणसाला न दुखावता त्याची चूक दुरुस्त करणारी माणसे लागतील. नेवाशाच्या मातीतून आलेले दामोदरपंत तसे आहेत.

त्यांच्यात एक दोष आहे, तोही नोंदवतो. जनावरांचा आहार ते मुखोद्गत सांगतात आणि स्वतः कोऱ्या चहावर दिवस काढतात. त्यांच्याच साठीच्या सत्काराचे आमंत्रण द्यायला आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा गुलाबभाई आणि हमीदाभाभी आधीच तेथे बसले होते. दारात टांगा होता, टांग्याला बिजली होती. भाभींनी डॉक्टरांपुढचा चहा सरकवून दुधाचा पेला ठेवला.

"आमी तुमचं आयकलं," त्या म्हणाल्या. "आता तुमी आमचं आयका. ह्यो कोंडा न्हाई."

डॉक्टरांनी पेला मुकाट्याने संपवला. भाभींनी रिकामा पेला तिरका करून पाहिला आणि म्हणाल्या, "आमच्या बिजलीसारकी तुमची हाडं घट्ट राहू द्या, आन् तुमी तिच्यापक्षा लई वर्सं चाला."

माझी सारी भाषणे या एका वाक्यापुढे तोकडी आहेत. आम्हा सर्वांचे मागणे तेच.