दसरा काढलेली रेकॉर्ड

पितृपक्ष लागला की माझं डोकं फिरायला सुरुवात होते. आमच्या नगरकडे घट बसायच्या आधी घरोघर दसरा काढतात. म्हणजे घरातली एकूण एक वस्तू बाहेर काढून धुवायची. गोधड्या, सतरंज्या, पितळेची भांडी, माळ्यावरचे डबे, काही सोडायचं नाही. या रिवाजावर माझा राग नाही, आमच्या घरीही बायको आठवडाभर अंगणात पाण्याचा खळखळाट करते. पण माळ्यावर गोधड्यांच्या शेजारी जुन्या रेकॉर्डीही निघतात, आणि त्यांचाही दसरा काढला जातो. गरम पाणी, साबणाची पावडर, वर काथ्याने घासणं, आणि मग पत्र्यावर कडक उन्हात वाळवण. नंतर कुणीतरी सांगतं की नगरात एक वेडा असल्या रेकॉर्डी विकत घेतो. मग उन्हाने वाकून पापड झालेल्या त्या रेकॉर्डी पिशवीत घालून लोक माझ्याकडे येतात.

तो वेडा म्हणजे मी. एमआयडीसीतली कंपनी बंद पडली तेव्हा इतरांनी चहाच्या टपऱ्या टाकल्या, कुणी रिक्षा घेतली. मी कापड बाजाराच्या मागच्या बोळात एक शटर भाड्याने घेतलं आणि गावोगावच्या लाऊडस्पीकरवाल्यांकडे पडून असलेल्या रेकॉर्डी गोळा करून मांडल्या. बायको म्हणाली, निदान टपरीवर चहा तरी मिळाला असता. तिचं काही चुकलं असं मला अजूनही म्हणता येत नाही.

सुरुवातीला पाटीवर रंगाऱ्याने लिहिलं होतं, 'जुने रेकॉर्ड मिळतील'. झालं. तालुक्या-तालुक्यातून माणसं यायला लागली, आजोबांच्या नावाचा सातबारा आणि फेरफार मागायला. एकाने तर स्टुलावर बसून बांधाच्या भांडणाची सगळी कहाणी सांगितली. हे गाण्यांचं दुकान आहे असं सांगितल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चिरीमिरीसाठीच अडवतोय. शेवटी पाटी पुसून नुसतं तबकडीचं चित्र काढून घेतलं. तर दोन दिवसांत एक मिस्त्री आला आणि फरशी कापायची चकती मागू लागला.

खरी गिऱ्हाइकं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. बाकी येतात ती तरुण पोरं, हॉटेलच्या भिंतीवर लावायला रेकॉर्डी न्यायला. 'वाजणारी नको, स्वस्तातली द्या,' म्हणतात. कुणी त्यावर गणपती रंगवतं, कुणी मधोमध घड्याळाचे काटे बसवतं. लग्नाआधीचे फोटो काढणारे येतात आणि नवऱ्यामुलीच्या हातात रेकॉर्ड देऊन तिला ती छातीशी धरायला लावतात. रेकॉर्ड कडेने धरायची असते, अंगठा मधे टेकवायचा नसतो, हे सांगून सांगून माझा घसा बसला. आता मी सांगत नाही, नुसता तोंड फिरवून बसतो.

अशाच एका पितृपक्षात, दुपारच्या आधी, पाथर्डीकडच्या एका गावाहून एक बाई आली. साठीच्या आसपासची, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. पिशवीतून तिने जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली एक लहान रेकॉर्ड काढली आणि काउंटरवर ठेवली. मी एका नजरेत ओळखलं. लेबलाच्या जागी कागदाचा पांढरा लगदा, अंगावर काथ्याचे ओरखडे, आणि एक कड चांगली वर उचललेली. माझा पारा चढला. विकायला आणली असेल तर परत न्या, असं मी जरा चढ्या आवाजातच सांगितलं. ती म्हणाली, विकायला नाही आणली, ऐकायला आणलीय.

मग तिने सांगितलं ते असं. तिचे वडील एका शाहिराच्या पार्टीत झीलकरी होते. शाहीर पुढे उभा राहून पोवाडा गातो आणि मागे उभी असलेली माणसं 'जी जी रं जी' म्हणत सूर उचलून धरतात, ते झीलकरी. त्या पार्टीला एकदा मुंबईला नेऊन पोवाड्याची रेकॉर्ड काढली होती. त्यानंतर लवकरच वडील गेले. ही तेव्हा पाळण्यात होती. घरात वडिलांचा एक फोटोसुद्धा नाही. ही रेकॉर्ड मात्र आईच्या पेटीत, लुगड्यात गुंडाळलेली. आईने ती कधी कुणाला वाजवू दिली नाही. मला सोसायचं नाही, एवढंच म्हणायची. यंदा उन्हाळ्यात आई गेली, आणि घटाआधी हिने पेटी उघडली.

म्हणजे साठ वर्षांच्या या बाईने आपल्या बापाचा आवाज एकदाही ऐकला नव्हता. तो या एका तबकडीत होता, आणि ती तबकडी तिने स्वतःच्या हाताने गरम पाण्यात बुडवून पत्र्यावर वाळत घातली होती.

मला राहवलं नाही. "अहो ताई, ही धुवायची वस्तू आहे का? तशीच धुळीसकट आणली असती तर आता लावली असती."

तिने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "भाऊ, घरातली मिठाची बरनी बी सोडली न्हाई. समद्याचा दसरा काढला. मग बापाचीच तेवढी घान ठिवायची व्हय?"

तरी मी बडबडत राहिलो. लेबल गेल्यामुळे कुठली बाजू आधीची तेही कळत नाही, कड वाकल्यामुळे सुई उडणार, ओरखड्यांमुळे अडकणार, असं सगळं एका दमात ऐकवलं. ती ऐकून घेत होती. मी थांबल्यावर तिने एवढंच विचारलं की मग कधी लावता.

वाकलेली रेकॉर्ड सरळ करायचा एकच उपाय मला माहीत आहे, आणि तो भरवशाचा नाही. दोन काचांमध्ये ती दाबून उन्हात ठेवायची, मऊ पडली की उचलून सावलीत आणायची आणि वर वजन ठेवून हळूहळू गार होऊ द्यायची. ऊन जरा जास्त लागलं तर रेघाच पुसल्या जातात आणि सुईखाली नुसती खरखर उरते. हे मी तिला स्पष्ट सांगितलं. बिघडली तर मला बोल लावायचा नाही, असंही सांगितलं. तिने मान हलवली. मला मात्र मनातून तिचा राग येत होता. हिने सकाळी एसटी पकडून यावं आणि तिचा बाप माझ्या हातात द्यावा, हा कुठला न्याय.

शोकेसच्या दोन काचा काढल्या, पुसल्या, मधे रेकॉर्ड घातली आणि जिन्याने वर गच्चीवर नेल्या. तिला खाली पंख्याखाली बसायला सांगितलं तर ऐकेना. काचांच्या शेजारी, टाकीच्या चिंचोळ्या सावलीत पदर पुढे ओढून बसली. मी दर थोड्या वेळाने खाली वाकून कड पाहत होतो. मधे एक गिऱ्हाईक खालून हाका मारून निघून गेलं. घामाने माझा चष्मा घसरत होता आणि मी स्वतःलाच शिव्या देत होतो. जिल्हाभरात दुसरं कुणी हे काम करत नाही, याचं एरवी मला कौतुक वाटतं. त्या दुपारी त्याचीच चीड आली, कारण दुसऱ्याकडे पाठवायची सोय नव्हती.

कड बसल्यासारखी वाटली तेव्हा काचा तशाच उचलून खाली आणल्या आणि वर लोखंडी इस्त्री ठेवली. रेकॉर्ड गार होईपर्यंत बाईने पिशवीतली भाकरी सोडली, त्यातली अर्धी मला दिली. लसणाची चटणी तिखटजाळ होती.

मग रेकॉर्ड प्लेअरवर ठेवली. कड पूर्ण बसली नव्हती, सुई बोटीसारखी खालीवर होत होती. सुरुवातीला दोनदा उडालीच. मी ती थोडी आत टेकवली. खरखर, मग डफाची थाप, मग तुणतुणं, आणि मग शाहिराचा खणखणीत आवाज बोळात घुमला. बाईचे हात मांडीवर घट्ट धरलेले. शाहिराने पहिलं कडवं संपवलं आणि मागून झील उठली, 'जी जी रं जी जी'.

मला एकदम बरं वाटलं. म्हटलं, जमलं. मी तिच्याकडे पाहिलं तर तिचा चेहरा गोंधळलेला.

"भाऊ, हे तर तिघं हायेत," ती म्हणाली. "यातला माझा बाप कोनचा?"

हा विचार माझ्या मनाला शिवलाच नव्हता. पुन्हा झील आली तेव्हा मीही कान लावला. तीन गळे, एकमेकांत मिसळलेले. लेबल शाबूत असतं तरी उपयोग नव्हता. अशा लेबलांवर शाहिराचं नाव असतं आणि पुढे 'आणि पार्टी' एवढंच. तो आवाज ओळखणारं एकच माणूस जगात होतं आणि ते उन्हाळ्यात गेलं होतं. मी तिला सांगितलं की मला ओळखता येणार नाही. दिवसभराची मेहनत फुकट गेली याचा संताप होता, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

तेवढ्यात सुई एका ओरखड्यावर अडकली. बरोबर झिलीवर. 'जी जी रं जी', 'जी जी रं जी', तेच तेच पुन्हा. अडकलेली सुई मी क्षणभरही ठेवत नाही, तिने रेघ कापली जाते. माझा हात पुढे गेला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

मी हात मागे घेतला. सुई फिरत राहिली. बाई पुढे सरकून स्पीकरच्या जाळीपाशी जवळजवळ कान टेकवून बसली. ते तीन गळे पुन्हा पुन्हा तीच ओळ उचलत होते. माझा जीव रेघेसाठी वर-खाली होत होता, तरी मी सुईला हात लावला नाही.

बऱ्याच वेळाने तिने बोट वर केलं. "ह्यो. त्या दोघांच्या मागून उचलतोय, बघा. वाईच उशिरा."

मी ऐकलं. खरंच एक आवाज होता, जाडसर, इतर दोघांपेक्षा किंचित मागून येणारा. पण त्यावरून तोच कसा, असं मी विचारलं.

"माझा थोरला पोरगा आरतीला उभा राहिला की असाच मागून उचलतो. लई सांगितलं, पन त्याला येळेवर उचलायला जमतच न्हाई. आई त्याच्याकडं बघून हसायची. कशाला हसती, ते कधी सांगितलं न्हाई तिनं."

एरवी कुणी रेकॉर्डबद्दल बिनपुराव्याचं बोललं तर मी भांडायला उठतो. या वेळी मी नुसती सुई हळूच उचलली. दुकान एकदम सुनं वाटलं. तिची एसटी लवकरच होती. मी रेकॉर्ड उतरवून गुंडाळायला त्या धडप्याकडे हात केला, तेव्हा तिने तो धडपा स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला.

"एकडाव आजून लावा," ती म्हणाली. "आता कुनाकडं कान द्यायचा ते कळलंय."