साहेबांचा हवालदार

माझ्या सासऱ्यांना येत नाही असं एकही काम आखाडा बाळापुरात कुणाला ठाऊक नव्हतं. चुकून कुणाला सापडलंच, तर बाबा ते पुढच्या आठवड्यापर्यंत शिकून मोकळे झालेले असत. फौजेत ते गाड्या दुरुस्त करायचे. हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी आले आणि रस्त्याकाठच्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून त्यांनी अख्खं गाव दुरुस्तीला काढलं. मिक्सर, पाण्याची मोटार, हळद शिजवायचा कुकर, शिलाई मशीन, मोडायला आलेली सोयरीक, काहीही घेऊन या. अट एकच होती. आणणाऱ्यानं काम होईपर्यंत तिथंच बसायचं, पाने-पक्कड हातात द्यायची आणि काय चाललंय ते समजून घ्यायचं. त्यामुळे घाईत असलेली माणसं बंद पडलेला मिक्सर पोत्यात लपवून आमच्या घरावरून जात.

माझी निवडसुद्धा अशाच परीक्षेतून झाली. मला बघायला म्हणून ते सगळे हिंगोलीला आमच्या घरी आले. मी पोहे घेऊन बाहेर आले, तर बाबांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ते मान वर करून आमच्या कुरकुरणाऱ्या पंख्याकडे बघत होते. "असा आवाज कवापासून करून राहिला हा?" त्यांनी माझ्या वडिलांना विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ते स्टुलावर चढले. वरून हात खाली करून मला म्हणाले, "पोरी, स्क्रू-ड्रायव्हर आण." मी विचारलं, "चपटा का स्टारचा?" त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं, मग कोपऱ्यात बसलेल्या सासूबाईंकडे पाहून म्हणाले, "साहेब, आपलं काम झालं." माझ्या शिक्षणाची, स्वयंपाकाची चौकशी करायची राहूनच गेली. नवरदेवाला तर कुणी काही विचारलंच नाही.

साहेब म्हणजे सासूबाई. फौजेतले सगळे अधिकारी मागे राहिल्यावर सलाम ठोकायला कुणीतरी हवं म्हणून त्यांनी बायकोला हे पद दिलं असावं, असं मला आधी वाटायचं. आई सातवीपर्यंत शिकलेल्या, बोलायला कमी आणि बोलल्या तर नेमक्या. बाबांनी एखादं काम फत्ते करून त्यांच्याकडे पाहिलं की त्या ते काम उलटंसुलटं करून बघायच्या आणि "हं" म्हणायच्या. त्या "हं"चा अर्थ लावण्यात बाबांचा उरलेला दिवस जायचा.

शिवणकाम ते कुठल्याशा छावणीत शिकून आले होते. माझा नवरा आणि नणंद लहान असताना त्यांनी सुट्टीत येताना निळ्या चौकडीच्या कापडाचा तागा आणला आणि बसल्या बैठकीला सगळं घर शिवून काढलं. पोराचा सदरा, पोरीचा फ्रॉक, उशांचे अभ्रे, खिडकीचे पडदे, सगळं निळ्या चौकडीचं. माझा नवरा सांगतो की, तो पडद्यापाशी उभा राहिला की आईला दिसायचाच नाही. मार चुकवायला ती जागा फार सोयीची होती. आईंनी ते सगळं बघून एवढंच विचारलं म्हणे, "म्हशीला काहून बाकी ठेवलं?"

पेटीही ते अशीच कुठंतरी बर्फात, रस्ते बंद असताना शिकले. सूर चांगला होता, पण हाताला सवय परेडची. विहारात जयंतीला ते पेटीवर बसले की गाणी कदमताल धरायची. गाणारे धापा टाकायचे, ढोलकीवाला घामाघूम व्हायचा, आणि रात्री दहाला संपायचा कार्यक्रम आठलाच संपून लोक जेवायला बसायचे. स्वयंपाकाचं म्हणाल, तर तो त्यांना उत्तम यायचा, फक्त शंभर माणसांचा. मी एकदा आजारी पडले तेव्हा त्यांनी चौघांसाठी वरण केलं. संध्याकाळपर्यंत शेजारच्या बाया डबे घेऊन रांगेत उभ्या होत्या. "कमी करायला मला शिकवलंच न्हाई," ते म्हणाले, आणि त्यात काही चुकलंय असं त्यांना वाटत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी आईंना लकवा मारला. उजवा हात गेला, पाय ओढत चालायला लागल्या, जीभ जड झाली. एका शब्दाला एवढे कष्ट पडत की त्यांनी बोलणंच सोडलं. बाबांनी पहिल्या दिवसापासून ही दुरुस्ती अंगावर घेतली. आढ्याला चाक टांगलं, दोरी ओवली, म्हणजे आईंनी डाव्या हातानं ओढून उजवा वर करायचा. पलंगाला धरायला पाइप लावला. आई सगळं बघायच्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपायच्या. "हं"सुद्धा म्हणायच्या नाहीत. जेवण दोन घासांवर आलं. बाबा ओट्यावर येऊन बसायचे, पुढ्यातली मोटार खोलायचे आणि तशीच बंद करायचे.

आईंचे केस लांब, गुडघ्याच्या थोडे वर. आयुष्यभर त्यांनी स्वतःची वेणी स्वतः घातलेली. आता मी शाळेत शिकवायला जायच्या गडबडीत कशीतरी बांधून द्यायचे. एक दिवस शेजारची बाई भेटायला आली आणि सहज म्हणाली, "कापून टाका ना बारीक. तेवढीच तकलीफ कमी." आईंच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं. बाबा दारात उभे होते. ते आत आले, शेजारणीला हात जोडले आणि म्हणाले, "ताई, केसाला कुणी हात लावायचा न्हाई." मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पोरी, वेणी कशी घालतात? मला येत न्हाई."

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मी खिडकीच्या गजाला नायलॉनच्या तीन दोऱ्या बांधून दिल्या. ते दोन दिवस तिथं बसून होते. तिसऱ्या सकाळी त्यांनी आईंना ओट्यावर खुर्चीत बसवलं, तेल लावलं आणि वेणी घातली. ती इतकी घट्ट होती की आईंच्या भुवया वर चढल्या आणि चेहरा सतत आश्चर्य वाटल्यासारखा दिसू लागला. आईंनी डाव्या हातानं वेणी चाचपली. ओठ हलवले, थांबल्या, पुन्हा हलवले. आणि जड जिभेनं एकेक शब्द ढकलत म्हणाल्या, "ट्रक... बांधून... राहिले का?" बाबा हसायला लागले, आईंचा अर्धा चेहरा हसला, आणि मला शाळेला उशीर झाला.

त्या दिवशी आई दोन भाकरी जेवल्या. नंतर रोज सकाळी ओट्यावर तो कार्यक्रम असे. समोरून एसटी जायच्या, खिडक्यांतून माणसं माना काढून बघायची. एकदा चौकातला एक जण थांबून हसत म्हणाला, "काय हवालदार, बायकोची वेणी घालून राहिले?" बाबांनी मान वर केली नाही. "व्हय. शिकायची का? ये, बस." तो बसला नाही, पण पुन्हा हसलाही नाही.

मागच्या हिवाळ्यात बाबा गेले. सकाळी शेतात मोटार चालू करायला गेले आणि पाटाच्या कडेला बसले, ते उठलेच नाहीत. त्यांच्या वेळचे म्हातारे फौजी टोप्या घालून आले, तिरंगा आणला, खाडकन सलाम केला. आई खुर्चीत ताठ बसून होत्या. रडल्या नाहीत.

पंधरा-वीस दिवसांनी मी सवड काढून त्यांच्यापाशी बसले आणि कित्येक वर्षं मनात असलेलं विचारलं, "आई, बाबा एवढं सगळं काहून शिकले असतील?"

आता त्यांचं बोलणं पुष्कळ सुधारलं होतं. त्या थांबत थांबत म्हणाल्या, "लगीन झालं तवा ते नववी नापास. भरती झाले, पहिल्या सुट्टीला आले. म्या सहज विचारलं, काय शिकून आले? त्यांना उत्तर द्यायला जमलं न्हाई. मंग दर सुट्टीला काईतरी शिकून यायचे. आले की बॅग खाली ठेवायच्या आधी दाखवायचे. शिवण दाखवलं, पेटी दाखवली." त्या जराशा हसल्या. "मी म्हणायची, हं."

"एकदाही चांगलं झालं म्हणला न्हाईत?"

"न्हाई." आईंनी रस्त्याकडे पाहिलं. हिंगोलीची गाडी थांब्यावर उभी होती, माणसं उतरत होती. शेवटचा माणूस उतरून गाडी निघेपर्यंत त्या बघत राहिल्या.

"म्हणलं असतं," त्या म्हणाल्या, "तर दाखवायचं थांबले असते."