खळीखाली गेलेलं नाव

१९८३ साल. मी सेहेचाळीस वर्षांचा. गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटून गेलं होतं. बायको-मुलांना कोकणात गावी पाठवलेलं आणि मी लालबागच्या खोलीत एकटा. शिक्षण चौथी. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे माझ्या लिहिण्यातल्या चुका कुणी काढायला नकोत.

गिरणीत मी सायझिंग खात्यात होतो. ताण्याचं सूत मागावर चढायच्या आधी त्याला खळ पाजायची, हे आमचं काम. खळ पातळ झाली तर सूत तुटतं, जाड झाली तर ताठ होऊन बसतं. दोन बोटांत धरून मी सांगायचो, झाली की नाही. वीस वर्षांत माझ्या खळीबद्दल साहेब लोकांची एक तक्रार नाही.

आमच्या चाळीतला एक जण गिरगावात छापखान्यात होता. तो मला एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे घेऊन गेला. पुढे मी त्यांना काका म्हणायला लागलो. चित्रांच्या प्रदर्शनांवर ते पेपरात लिहायचे आणि निवडक कवितांची पुस्तकं काढायचे. चित्रकार त्यांना वचकून असायचे म्हणे. आता डोळे अधू झाले होते, हात थरथरायचा. कात्रणं चिकटवायला माणूस हवा होता.

"कपबशा विसळणार नाही," मी दारातच सांगितलं. "मी कामगार आहे, घरगडी नाही."

"कपबशा मी विसळतो," ते म्हणाले. "चहा घेता ना? की त्याचाही संप आहे?"

मी हसलो नाही, पण आत गेलो.

त्यांचं नवं पुस्तक मुंबईवरच्या कवितांचं होतं. मासिकांतली कात्रणं आणि पोस्टानं आलेले हस्तलिखित कागद यांचे गठ्ठे होते. एकेक कविता जाड कागदावर चिकटवायची आणि कवीच्या नावावर कोरी पट्टी लावायची. नाव न बघता ते निवड करणार. प्रदर्शनातही त्यांची तीच रीत. चित्राच्या कोपऱ्यातल्या सहीवर तळहात धरायचा आणि मग चित्र बघायचं. "सही दिसली की डोळा लबाडी करतो हो," म्हणायचे. चाळीस वर्षं त्यांनी ही रीत मोडली नव्हती. आणि दुसरी रीत अशी, की कवीची परवानगी हातात आल्याशिवाय त्याची ओळसुद्धा छापायची नाही.

पट्टी कशी लावायची ते त्यांनी पहिल्या दिवशी दाखवलं. मैद्याची पाणचट खळ, पट्टीच्या एका टोकाला एक ठिपका. बस्स. पंखा लावला की अर्ध्या पट्ट्या खोलीभर उडायच्या. ते भिंग घेऊन खाली शोधत बसायचे. मला ते बघवेना. ही काय खळ झाली? दुसऱ्या आठवड्यात मी चिंचोक्याची पूड आणली, घट्ट शिजवली, कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलं आणि पट्ट्या सबंधच्या सबंध चिकटवल्या. त्यांना सांगितलं नाही. पोस्टाची पाकिटं रद्दीत घातली, पसारा नको म्हणून. पट्ट्या उडायच्या थांबल्या. "वा, हात बसला तुमचा," ते म्हणाले. मला बरं वाटलं.

भिंगातून वाचून ते दमले की मला वाचायला लावायचे. मी अडखळत वाचायचो. ते म्हणायचे, "छान. तुम्ही कविता गात नाही, वाचता."

एक दिवस हातानं लिहिलेली एक कविता आली. निळी शाई, वहीचं पान. त्यात एक बाई सांगते की गिरणी बंद आहे तरी नवरा पहाटे उठतो, अंघोळ करतो, शर्ट घालतो आणि डबा मागतो. ती रिकामा डबा पुसून त्याच्या हातात देते. तो घेऊन जातो. दोघं त्याबद्दल काही बोलत नाहीत. मी वाचली आणि पुढचा कागद उचललाच नाही.

"थांबलात का?"

"पाणी पितो जरा."

"पुन्हा वाचा," ते म्हणाले. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी पान माझ्या हातून घेतलं. "पुस्तकात ही पहिली. हिच्यानंतर बाकीच्या."

"बाईनंच लिहिलीय," मी म्हणालो.

"कशावरून? पुरुषही बाईच्या तोंडून लिहितो."

"पुरुषाला तो डबा रिकामा आहे हे लिहायची लाज वाटेल, काका."

त्या दिवशी चहा त्यांनी स्वतः माझ्या हातात आणून दिला.

निवड संपली. छापखान्याचा माणूस आठ दिवसांनी येणार होता. त्याआधी पट्ट्या काढून परवानगीची पत्रं धाडायची. मी पहिली पट्टी ओढली. पट्टीबरोबर कागदाचा पापुद्रा आला, नावासकट. दुसरीचं तेच. ते शेजारी बसून ऐकत होते. कागद फाटल्याचा आवाज त्यांना माझ्याआधी कळला.

"कसली खळ आहे ही?"

"कागद हलका आहे," मी म्हणालो.

मासिकांतल्या कवितांचं निभावलं. अंक बघून नावं पुन्हा मिळाली. पण निवडीत हातानं लिहिलेलं ते वहीचं पान एकच होतं; त्याची पट्टी मी कोमट पाण्यानं भिजवली, सुतावरची खळ काढतात तशी. पट्टी सुटली. खाली निळा डाग होता. नाव, पत्ता, काही नाही. पाकीट तर रद्दीवाल्यानं कधीच नेलेलं.

"मग ही जाणार नाही," ते म्हणाले.

"काका, अनामिक म्हणून टाका."

"कुणाची तरी आहे ती. तिला न विचारता? आणि ती दुकानात पुस्तक उघडून बघेल तेव्हा?" त्यांनी भिंग खाली ठेवलं. "ठिपका लावा म्हटलं होतं मी."

"तुमच्या ठिपक्यानं पट्ट्या उडत होत्या."

"उडू द्यायच्या होत्या. उडालेली पट्टी शोधता येते हो."

मी चपला घातल्या आणि निघालो. माफी मागितली नाही. गिरगावातून लालबागपर्यंत चालत आलो आणि वाटभर त्यांच्याशी मनातल्या मनात भांडलो. चिंचपोकळीच्या पुलाशी आलो तोवर भांडायला काही उरलं नव्हतं. खिशात ते पान होतं, निघताना उचललेलं. कुठल्यातरी खोलीत एक बाई पोस्टमनची वाट बघत असणार आणि तिला वाटणार, आवडली नाही त्यांना.

पुस्तक माझ्याकडे आहे. ती कविता त्यात नाही. काका गेले त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांची सरळ माफी मी कधी मागितली नाही, हे इथे लिहून ठेवतो.

त्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या गिरणीच्या गेटवर गेलो. संपवाले रोज तिथे उभे असत. पान काढलं आणि मोठ्यानं वाचायला लागलो.

"काय रे, कवी झालास काय मेल्या?" आमच्या खात्यातला एक ओरडला. "उपाशीपोटी सुचता वाटता?"

मी वाचत राहिलो. डब्याच्या ओळीपाशी हसणं थांबलं. दोघंतिघं मान फिरवून उभे राहिले. संपल्यावर विचारलं, ही कुणाच्या घरातली आहे? मग मी सांगितलं की नाव होतं, माझ्या हातून गेलं, खळ मी चुकीची केली. वीस वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत बोललो तसं.

"परळच्या गिरणीच्या गेटवर विचारून बघ," एक म्हातारा म्हणाला.

मी पान घडी घालून खिशात ठेवलं आणि परळकडे चालायला लागलो.