भावजयीच्या हातची सुई

प्रयोगशाळेत तयार झालेला गर्भ बायकोच्या पोटात ठेवून घेऊन आम्ही गोव्याहून मसुऱ्याला परतलो, तेव्हा पिशवीत प्रोजेस्टेरॉनची इंजेक्शनं होती. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, की गर्भाशयाचं अस्तर नुसतं जाड होऊन भागत नाही. या संप्रेरकामुळे ते काही खास प्रथिनं तयार करतं आणि त्यांच्या आधाराने गर्भ तिथे चिकटून रुजतो. तेही महिन्यातले मोजकेच दिवस शक्य असतं. आमच्या बाबतीत ते संप्रेरक बाहेरून द्यायचं होतं, रोज कमरेत सुई टोचून.

टोचणारी घरातच होती. धाकट्या भावाची बायको नर्स आहे. तिला तेव्हा सातवा महिना होता. लग्नाचं वर्ष पुरं व्हायच्या आत दिवस गेले होते. तिच्या शरीराने ती सगळी प्रथिनं कुणी न सांगता बनवली होती, आणि माझ्या भावाला प्रथिनं म्हणजे अंडी नि डाळ एवढंच ठाऊक. पोट सांभाळत ती बायकोवर वाकली, की मी उठून अंगणात जायचो.

एका सकाळी भावजय बाजूला सिरिंज भरत होती, तेव्हा न राहवून बायकोला हळूच म्हटलं, "उद्यापासून मालवणात जाऊया. थंय कंपाउंडर आसा."

"त्या खड्ड्यांतून? कित्याक? हिचो हात हलको आसा."

"तिका बघून तुका त्रास होत असतलो."

"माका? सुई माका टोचता, नि पोटात दुखता तुमच्या!"

भावजय खुदकन हसली. "दादा, तुमका पण एक देऊ काय?"

मला हसता आलं नाही. क्षणभर वाटलं, हिलाही दिवस गेले नसते तर बरं झालं असतं. घरातल्या बाळाबद्दल मी असा विचार केला.

सुया चालू राहिल्या. मग रक्ततपासणीचा निकाल फोनवर आला. गर्भ रुजला नव्हता. बायको मागच्या पडवीत बसली होती, भावजय तिच्याजवळ उभी. मी शब्द जुळवत तिथवर गेलो, पण भावजयीला माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं. ती अवघडत खाली बसली, बायकोला तिने जवळ ओढलं आणि स्वतःच हुंदके देऊन रडू लागली. बायकोने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

मी खांबाला धरून उभा होतो. डोळे कोरडे. दुःख आमचं होतं, आणि रडायला बायकोला माझा नाही, भावजयीचा खांदा सापडला, याचाही मला हेवा वाटला.