निळ्या पाण्यातला थेंब

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि त्यात दुष्काळ. सासूबाईंचा रिपोर्ट आणायला मी सरकारी दवाखान्यात गेले, तर रक्तपेढीच्या दारात एक बाई उभी. हातांवर दुष्काळी कामावरच्या खडीची धूळ. आत तिची लेक बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. कुणीतरी रक्त दिलं, तरच बदल्यात बाटली मिळणार होती.

तपासणाऱ्यानं तिचं बोट टोचून थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडला. बुडाला तर रक्त चांगलं. तिचा वरच तरंगला.

"मावशी, तुमच्यातच हिमोग्लोबिन कमी हाय. घेता येणार न्हाई."

तिनं दुसरा हात पुढं केला. "ह्याचं बघा. ह्या हातानं हातोडा मारते मी. ह्याच्यातलं जड असंल."

तो हसला नाही. त्यानं पुन्हा टोचलं. तोही थेंब तरंगला.

मी रिपोर्ट पर्समध्ये कोंबला आणि माझं बोट पुढं केलं. थेंब मध्येच रेंगाळला. तिनं माझं मनगट घट्ट धरलं. मग तो सावकाश तळाला गेला.

"झालं. आता सोडा," मी म्हटलं.

"सुई लागंपर्यंत न्हाई," ती म्हणाली. "जावई आन त्याचा भाऊ, दोघं बी मघाशी 'देतो' म्हणूनच निघून गेले."