जपून हं!

सगळ्यात आधी किळस आली ती वासाची. घोडबंदर रोडवरच्या एका उंच टॉवरमध्ये लिफ्टनं वर जाऊन पाठदुखीच्या क्लिनिकचं काचेचं दार ढकललं आणि लॅव्हेंडरचा असा भपकारा आला की मी पदर नाकाला लावला. डोंबिवलीहून रिक्षा, बस, पुन्हा रिक्षा करत, ट्रॅफिकमध्ये खड्डे मोजत मी तिथवर पोहोचलेले. पाठीचा नुसता भुगा झाला होता. दारातल्या मुलीनं गोड हसून चपला काढायला सांगितल्या आणि पायात चढवायला कापडी मोजे दिले. ते वाकून चढवायचे. वाकता येत नाही म्हणून जी आली आहे, तिला उंबऱ्यातच वाकायला लावणारं ते ठिकाण मला पाहताक्षणी नकोसं झालं.

दुखणं सुरू झालं ते अगदीच फालतू कारणानं. ओल्या चादरींची बादली उचलताना कमरेत उसण भरली. आठवड्याभरात जायला हवी होती ती गेलीच नाही, वर्षानुवर्षं राहिली. त्या वर्षांत माझ्या कमरेवर काय काय चोळलं गेलं ते आठवलं तरी शिसारी येते. नणंदेनं गावाहून आणलेलं तेल लावलं की खोलीभर कुजक्या लसणाचा वास सुटायचा. उशीचा अभ्रा पिवळा पडला, नवरा हॉलमध्ये झोपायला लागला. शीळफाट्याजवळच्या एका माणसानं पाय धरून असा हिसका दिला की दोन दिवस मला पलंगावरून उठवत नव्हतं. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो असा. एमआरआयही काढून झाला. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे थोडी झीज आहे, पण इतकं दुखावं असं यात काही दिसत नाही. घरच्यांनी त्याचा अर्थ काढला की हे मनाचं आहे. त्या दिवसापासून मी कण्हले की सासूबाई चॅनल बदलल्यासारख्या मान फिरवायच्या.

मला पाठ बरी करायची होती ती फक्त एका गोष्टीसाठी. मला फुगडी घालायची होती. आमचा डोंबिवलीतल्या बायकांचा मंगळागौरीचा ग्रुप आहे. श्रावणात ठाण्यापासून कल्याणपर्यंत बोलावणी येतात. नऊवारी नेसायची, नथ घालायची आणि झिम्मा, पिंगा, लाट्या, सूप यांनी हॉल दणाणून सोडायचा. शेवटची फुगडी माझी आणि माझ्या मैत्रिणीची. आम्ही दोघी लग्न होऊन एकाच चाळीत आलेल्या, तेव्हापासूनची ही जोडी. उसण भरल्यापासून ती दुसरीबरोबर फिरत होती आणि मी कोपऱ्यात खुर्चीवर बसून झांजा वाजवत होते. ती खुर्ची मला मरेपर्यंत चिकटते की काय, ही माझी खरी धास्ती होती.

तर तो लॅव्हेंडरचा दरबार. आतली थेरपिस्ट माझ्या मुलीच्या वयाची. आवाज कस्टमर केअरच्या बाईसारखा मऊ, एकसुरी. ‘‘तुमची नर्व्हस सिस्टीम अलार्म मोडवर गेलीये, काकी,’’ ती म्हणाली. ‘‘इजा कधीच बरी झालीये. पण शरीराला अजून वाटतंय की धोका आहे. म्हणून ते दुखून तुम्हाला थांबवतं. दुखणं खरंच आहे हं, तुमच्या मनाचे खेळ नाहीत.’’

आमच्या सोसायटीत एकदा चोरी झाली, तेव्हापासून खालचा कुत्रा दूधवाल्यावरही भुंकतो. ती सांगत होती ते बहुधा तसंच काहीतरी होतं. पटलं, पण तिच्या आवाजामुळे पटल्याचा राग आला. मग तिनं डोळे मिटून, श्वास लांबवर सोडत भुंग्यासारखा आवाज काढायला सांगितला. शेजारच्या गादीवर एक सूट-टायवाले गृहस्थ आधीपासूनच गुणगुणत होते. पैसे मोजून भुंगा व्हायला आलेली ती वरात पाहून मला हसूही येईना. वाकताना श्वास कोंडायचा नाही, रोज थोडं थोडं वाकायचं, दुखलं तरी घाबरून थांबायचं नाही, असं बरंच तिनं समजावलं. निघताना तिनं एक विचित्र प्रश्न केला.

‘‘घरात तुम्हाला ‘जपून’ असं कोण म्हणतं?’’

‘‘कोण म्हणत नाही ते विचार,’’ मी म्हणाले.

‘‘त्यांना सांगा, बंद करा. प्रत्येक वेळी तुमच्या शरीराला धोक्याची बातमी जाते.’’

घरी येऊन मी फर्मान काढलं. नवऱ्यानं ते तोंडानं पाळलं आणि डोळ्यांनी मोडलं. मी भाजीची पिशवी उचलली की तो असा बघायचा, जणू मी गॅलरीच्या कठड्यावर चढले आहे. सासूबाईंनी तर माझ्या गुणगुणण्याचं व्रतच करून टाकलं. तेवढा वेळ बेल वाजली तरी दार उघडायचं नाही, कुकर लावायचा नाही, सगळ्यांनी गप्प बसायचं. माझं संपलं की हळूच म्हणायच्या, ‘‘झालं? आता उठ. जपून हं.’’

तरीही फरक पडला. चिडचिड करत, नाक मुरडत मी ते सगळं करत राहिले आणि हळूहळू जमिनीवर बसता यायला लागलं. नऊवारीचा काष्टा माझा मला घालता आला. दुखणं गेलं नव्हतं, पण त्याचा आवाज खाली आला होता. मी मैत्रिणीला फोन करून सांगितलं, यंदा फुगडी मी घालणार. ती ‘‘हो गं, बघू,’’ म्हणाली. ते ‘बघू’ मला मुळीच आवडलं नाही.

कोलशेतला एका नव्या कॉम्प्लेक्सच्या क्लबहाऊसमध्ये कार्यक्रम होता. एसी, झुंबरं, कोपऱ्यात सेल्फीसाठी फुलांची चौकट. मी आत शिरले तर माझी खुर्ची रिंगणाच्या कडेला आधीच मांडून ठेवलेली, वर उशी. मैत्रिणीनं माइक हातात घेतला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, ‘‘आमच्या या ताईंना पाठीचा खूप त्रास आहे, तरी त्या आपल्यासाठी आल्यात. एकदा जोरदार टाळ्या!’’ टाळ्या पडल्या. यजमानीणबाईंनी माझा हात हातात घेतला आणि चुकचुकत म्हणाल्या, ‘‘दुखणं येतं हत्तीच्या पावलांनी आणि जातं मुंगीच्या पावलांनी, काय?’’ हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलं होतं की मला हत्ती आणि मुंगी दोघांचीही घृणा वाटायला लागली होती. त्या दयेला त्या लसणाच्या तेलासारखाच वास होता. अंगाला चिकटणारा, धुतला तरी न जाणारा.

शेवटची फुगडी आली तेव्हा मी झांजा खाली ठेवल्या आणि मध्ये जाऊन उभी राहिले. मैत्रीण गडबडली. पण शंभर डोळ्यांसमोर नाही म्हणणार कशी? चवड्यांना चवडे टेकले, हातांची अढी घातली आणि आम्ही फिरायला लागलो. पहिला फेरा बरा गेला. दुसऱ्यात वेग धरला, मी सवयीनं मागे झुकले आणि तिचे हात माझ्या हातांतून निसटले. मी धडपडत मागे गेले आणि त्याच खुर्चीवर आपटले. कमरेतून पायापर्यंत कळ गेली. अख्ख्या हॉलमधून एका सुरात आलं, ‘‘अगंबाई, जपून!’’

मी श्वास कोंडला नाही. सगळ्यांदेखत लांबवर सोडला, अगदी भुंग्याचा आवाज काढून.

मैत्रीण धावत आली, डोळे भरलेले. ‘‘तरी मी म्हणत होते! लागलं का गं?’’

‘‘तू हात सैल धरलेस,’’ मी म्हणाले.

‘‘मग काय करू? जोरात धरलं तर तुझ्या पाठीला ओढ बसेल म्हणून...’’

फुगडी घालणाऱ्या बाईनं हे बोलावं! दोघींनी एकमेकींना जीव खाऊन ओढायचं, त्या ओढीवरच दोघी उभ्या राहतात, हे आम्ही नवीन पोरींना पहिल्याच दिवशी शिकवतो. मायेनं हात सैल सोडला की समोरची पडते. त्या क्षणी मला तिचा, नवऱ्याचा, सासूबाईंचा, त्या हत्तीमुंगीवालीचा, सगळ्यांचा एकदम वीट आला. इतकी वर्षं सगळे मला असंच सैल धरून होते.

मी खुर्ची पायानं बाजूला सारली. ‘‘चल, पुन्हा. आणि या वेळी घट्ट धर.’’

‘‘दुखलं तर?’’

‘‘दुखू दे. धर.’’

तिनं माझ्याकडे बघितलं, डोळे पुसले, पदर खोचला आणि धरलं. आम्ही फिरलो. कंबर दुखत होतीच. पण तिच्या बोटांनी माझ्या बांगड्या मनगटात रुतवल्या होत्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी मला दुखेल इतकं घट्ट धरलं होतं.